झाडू आणि तीट

जरीना शेखचं नाव कुणी कौतुकानं घेतलं की माधुरी साळवेच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि ते नाव कौतुकाशिवाय घेणारा माणूस अख्ख्या नगरात शोधून सापडायचा नाही. त्यामुळे माधुरीचं नाक बारा महिने तेरा काळ लालच असायचं.

माधुरी नगरच्या एका अंधशाळेतला ब्रेल छापखाना सांभाळायची, सव्वीस वर्षं. छापखाना म्हणजे काय, एक खोली, डबड्यासारखा एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं, जाड कागदावर ठिपके उठवणारं एक मशीन. ते सुरू झालं की शेजारच्या वर्गात पाढे म्हणणारी पोरं गप्प बसत. साधं मराठी टाइप करायचं आणि सहादेव सरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून काढायचं, की त्याचे ठिपके होऊन बाहेर पडत. सहादेव सर जाऊन बारा वर्षं झाली होती. त्यांचा प्रोग्रॅम जगात एवढ्या एकाच कॉम्प्युटरवर उरला होता, आणि ते मशीन दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरचं ऐकायचं नाही. नव्या मशीनचा अर्ज तीन वर्षांपासून कुठल्यातरी सरकारी कपाटात झोपला होता.

आणि आता, बावीस डिसेंबरला, मशीन तीन ओळी छापून गप्प झालं.

एरवी एवढं बिघडलं नसतं. पण रांगेत होतं ते कोंडीराम गुरुजींचं पुस्तक. गुरुजी शाळेचे जुने शिक्षक, मूळ पुणतांब्याचे, जन्मापासून आंधळे, वय अठ्ठ्याहत्तर. गोदावरीकाठचे पक्षी नुसत्या आवाजावरून कसे ओळखायचे, याचं पुस्तक त्यांनी अकरा वर्षं खपून रचलं होतं. आंधळ्या मुलांनी झाडाखाली उभं राहून म्हणावं, हा कोतवाल, हा धोबी, ही टिटवी. त्यातली शेवटची चार वर्षं रोज दुपारी गुरुजी सांगत आणि माधुरी टाइप करत असे. दोनशे बारा पानं. चार जानेवारीला, ब्रेल दिनाच्या कार्यक्रमात, ते पुस्तक गुरुजींच्या हातात पडायचं होतं.

माधुरीला त्या दिवशी फार काही नको होतं. गुरुजींनी पानावरून बोट फिरवावं आणि चार माणसांत म्हणावं की हे माधुरीमुळं झालं. एवढंच. बाई गेली चार वर्षं ते वाक्य मनातल्या मनात ऐकत होती, गुरुजींच्या आवाजात, त्यांच्या पुणतांब्याच्या हेलात.

मशीन का थांबलं हे बघायला तिला पाच मिनिटं लागली. तिनं प्रोग्रॅमच्या फायलींची यादी काढली. चौदा फायली, आणि प्रत्येक फाईल फुगलेली. किती फुगली ते तिनं जुन्या नोंदीशी ताडून कागदावर मांडलं तर सगळीकडे एकच आकडा येत होता, सतराशे चाळीस. तो आकडा तिला तीस वर्षांपासून पाठ होता. ही गोचीड होती, तिच्या तरुणपणीचा एक व्हायरस.

चौदा फायलींना ती कुठून लागली हेही तिला लगेच कळलं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. फ्लॉप्या आता बाजारात मिळत नाहीत म्हणून तिनं गेल्या आठवड्यात मार्केट यार्डाजवळच्या भंगारवाल्याकडून पिशवीभर जुन्या फ्लॉप्या आणल्या होत्या. एकीवर एक खेळ निघाला, विटांवर चेंडू मारायचा. तरुणपणी खेळलेला. तिनं तो दोन मिनिटं खेळून बघितला. बस्स, तेवढंच केलं होतं.

हे सगळं ती मनात जुळवत होती तोवर गुरुजींनी खिशातून मोबाईल काढला. “थांबा माधुरीबाई, जरीनाला इचारू,” म्हणाले आणि फोन लावून मोकळे झाले. “अगं जरीना, आमचं मशीन रुसलंय. येतीस का?”

अगं जरीना. माधुरीला सव्वीस वर्षांत गुरुजींनी कधी ‘अगं’ म्हटलं नव्हतं. तिला ‘माधुरीबाई’, ‘अहो’, ‘बसा’. आणि या जरीनानं गेल्या दिवाळीत एकदा गुरुजींचा मोबाईल मराठीत बोलता करून दिला काय, त्या दिवसापासून ती ‘अगं’. मिरजगावची पोर ती, गुरुजींसारखंच हाय-न्हाई बोलणारी. माधुरीनं शाळेच्या नोकरीसाठी जीव खाऊन भाषा शुद्ध केली आणि त्या शुद्ध भाषेनंच ती गुरुजींच्या ओसरीवर पाहुणी होऊन राहिली.

दोघींचं जुनं होतं. एकोणीसशे त्र्याण्णव साली चितळे रोडवर, एका अंधाऱ्या जिन्याच्या टोकाला, कॉम्प्युटरचा क्लास निघाला. पहिल्या बॅचला मुली दोनच. माधुरीची आई बिड्या वळून फी भरायची, म्हणून माधुरी दोन रंगांच्या पेनांनी टिपणं काढायची. जरीना मावशीकडे राहून शिकत होती. ती उशिरा यायची, एसटीच्या तिकिटामागे काहीतरी खरडायची आणि परीक्षेत बरोबरीनं यायची. बरोबरीनं येणाऱ्या माणसाचा राग एक वेळ गिळता येतो. पण हसत हसत बरोबरीनं येणाऱ्याचा कसा गिळायचा?

त्या वर्षी क्लासात व्हायरस शिरला. त्याला गोचीड हे नाव क्लासातच पडलं, कारण तो वागायचाच तसा. लागण झालेला एखादा प्रोग्रॅम चालवला की गोचीड कॉम्प्युटरच्या स्मरणात जाऊन दबा धरायची. मग वीज बंद होईपर्यंत जो प्रोग्रॅम उघडाल त्याच्या शेपटाला चिकटायची, आणि त्याच्या डोक्याची पहिली तीन अक्षरं बदलून ठेवायची, म्हणजे पुढच्या वेळी तो प्रोग्रॅम हाक मारताच आधी गोचीड उठेल, मग तो. अंगानं सतराशे चाळीस अक्षरांची. पत्रं, हिशेब, धडे यांना ती शिवायची नाही, तिला फक्त प्रोग्रॅमचं रक्त लागायचं.

माधुरीनं तीन आठवडे क्लासात मान मोडून गोचीड काढणारा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं झाडू. झाडू प्रत्येक फाईलचं शेपूट बघायचा, तिथं गोचिडीची पाच अक्षरांची खूण दिसली की मागची सतराशे चाळीस अक्षरं कापायचा आणि गोचिडीनं पळवलेली डोक्याची तीन अक्षरं तिच्याच पोटातून काढून जागच्या जागी लावायचा. दहाच्या दहा कॉम्प्युटर लख्ख झाले. सरांनी टाळ्या वाजवल्या. माधुरीच्या आईनं पेढे वाटले, स्वतःला न परवडणारे.

आठ दिवसांत गोचीड परत आली. सगळे चक्रावले. जरीना मागच्या बाकावर बोरं खात होती. बी थुंकून ती म्हणाली, “सर, ती कॉम्प्युटरात न्हाई, तुमच्या खिशात हाय.” सर रोज सकाळी आल्याआल्या खिशातल्या फ्लॉपीवरचा पत्त्यांचा खेळ एक डाव खेळायचे, आणि लागण तिथूनच होती. क्लास खदखदून हसला, सरही हसले. तेव्हापासून आजपर्यंत, त्या बॅचचं कुणीही कुठं भेटलं, लग्नात, मयतीत, की खिशातल्या गोचिडीची गोष्ट निघतेच. झाडूची गोष्ट कुणी काढत नाही. माधुरीनं एकदा स्वतःच काढून बघितली, तर समोरचा म्हणाला, “हो का? मला आठवत नाही बुवा.”

तर ही जरीना दुपारी स्कूटीवरून आली. मुकुंदनगरात तिचं मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. केस निम्मे पांढरे, आणि ते रंगवायची तिला गरज वाटत नव्हती, याचाही माधुरीला राग आला.

“काय माधुरे, बरी हायेस ना?”

“बरी आहे. बस.”

जरीना बसली नाही. तिनं आधी कॉम्प्युटरचं बटण बंद केलं, मग भिंतीवरचं. “नुसता परत सुरू करून ती मरत न्हाई गुरुजी, वीजच तोडावी लागती,” ती सांगत होती. मग तिनं डबीतून एक फ्लॉपी काढली. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती खिडकी असते. घराचं उलटं, खिडकी उघडी असली की आत कुणी शिरू शकत नाही, बंद केली की शिरता येतं. जरीनाची खिडकी उघडी होती. त्या निरोगी फ्लॉपीवरून तिनं कॉम्प्युटर सुरू केला. “आजाऱ्याच्या हातून औषध वाटायचं न्हाई. ती आत जागी असताना तपासायला बसलं तर तपासणाऱ्यासंगंच ती घरोघर जाती. प्रत्येक फाईल आपणच उघडून तिच्या म्होरं धरतो की!”

“व्हय की,” गुरुजी म्हणाले, रंगून गेलेले.

हे सगळं माधुरीला येत होतं. शब्द न् शब्द. पण येतंय हे सांगायचं कसं? ‘मलाही ठाऊक आहे’ म्हणणाऱ्या माणसाइतकं केविलवाणं या जगात कुणी दिसत नाही. ती कपाटाला टेकून उभी राहिली.

जरीना एकेक फाईल उघडून हातानं साफ करत होती. प्रत्येकीचा आकार आणि डोक्याची खरी तीन अक्षरं ती एका वहीत लिहून घ्यायची आणि मगच ती अक्षरं फाईलमध्ये भरायची. गुरुजी खुर्चीत मान तिरकी करून की-बोर्डचा आवाज ऐकत होते. मध्येच म्हणाले, “अगं जरीना, तुझं बोट लई हलकं पडतं गं. पाखरू टिपतंय जणू.”

चार वर्षं. रोज दुपारी, याच की-बोर्डवर, याच माणसाच्या कानाशी माधुरीची बोटं पडत आली होती. ती हलकी पडतात की जड, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. माधुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चहा सांगून येते,” म्हणाली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. चहा कुणाला सांगायचा नव्हताच.

आतून बोलण्याचा आवाज येत होता, जरीना काहीतरी समजावून सांगत होती. मग तिचं हसणं आलं, “लावली बघा तीट, गुरुजी!” आणि त्यावर गुरुजींचं, खोकला येईपर्यंतचं हसणं. लाडात आलेत दोघं, माधुरीनं दात आवळले. म्हातारपणी लहान बाळ झालेत, तीट लावून घेतायत. आत जाऊन काय म्हणालीस असं विचारायला तिची जीभ उचलली नाही.

ती आत गेली तेव्हा जरीना डबी आवरत होती. कॉम्प्युटर सुरू होता, मशीननं एक पान सुरेख छापून दिलं होतं. “हे बघ, साफ केलेल्या सगळ्याची एक प्रत या फ्लॉपीवर ठेवलीय. खिडकी उघडी हाय, तशीच राहू दे. आणि आणखी एक सांगायचं हुतं तुला, त्या फायलींच्या शेवटी...”

“कळलं मला,” माधुरी म्हणाली. “एवढीही नवखी नाही मी.”

जरीनानं तिच्याकडे बघितलं, डबी उचलली आणि गेली.

पुढचं सरळ झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून छपाई, रोज वीस-बावीस पानं, चार तारखेच्या आत पुस्तक. पण माधुरीला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून तिनं माळ्यावरची ट्रंक खाली ओढली. प्रमाणपत्रांच्या खाली, आईच्या नऊवारीच्या घडीत, तिची फ्लॉपी निघाली. लेबलवर दोन रंगांत लिहिलेलं होतं, झाडू. ती तिनं पर्समध्ये टाकली. का टाकली असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, खात्री केलेली बरी. खात्री कशाची करायची होती हे तिलाही ठाऊक होतं आणि आपल्यालाही आहे.

शाळेत कुणी यायच्या आत तिनं झाडूला तपासायला लावलं. नुसतं तपासायला. पडद्यावर ओळी येत गेल्या आणि शेवटी आलं, गोचीड सापडली, फायली चौदा.

देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी माधुरी साळवेला जेवढा आनंद झाला तेवढा तिला लग्नातही झाला नव्हता. चौदाच्या चौदा! हलक्या बोटाची पाखरू जरीना एकही फाईल साफ करू शकली नव्हती! तिनं जरीनानं ठेवलेली प्रत तपासली, तिथंही चौदा. फायली आता फुगलेल्या नव्हत्या, जेमतेम पाच अक्षरांनी मोठ्या होत्या, हे तिच्या डोळ्यांना दिसलं. पण डोळ्यांना दिसतं ते सगळं मनाला बघायचं नसतं. एरवी तिनं याच पाच अक्षरांवरून अर्धा दिवस डोकं खाजवलं असतं. त्या दिवशी तिला साक्षीदार हवे होते.

ती मुख्याध्यापक वैजनाथ सरांना घेऊन आली, गुरुजींचा हात धरून त्यांनाही आणलं.

“सर, व्हायरस तसाच आहे. काल गेलेलाच नाही. मी त्र्याण्णव साली लिहिलेल्या प्रोग्रॅमनं तो पकडला.”

“अरे बापरे,” वैजनाथ सर म्हणाले. त्यांना कॉम्प्युटरमधलं ‘अरे बापरे’ एवढंच येत होतं.

गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. “पर माधुरीबाई, ती म्हनली हुती की म्या तीट लावलीय म्हनून. काय बरं म्हनली...”

“गुरुजी, तीट तान्ह्या बाळाला लावतात. कॉम्प्युटरला नाही,” माधुरी गोड आवाजात म्हणाली आणि झाडू चालवला. मग जरीनाच्या फ्लॉपीची उघडी खिडकी नखानं सरकवून बंद केली, आणि तिच्यावरही चालवला. फायली चौदा, साफ चौदा. तिनं सरांना आकडा वाचून दाखवला, गुरुजींना ऐकू जाईल असा मोठ्यानं.

“आता छापून दाखवा,” सर म्हणाले.

तिनं सहादेव सरांचा प्रोग्रॅम सुरू केला. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. तिनं परत सुरू केला. काळा. जरीनाच्या प्रतीवरून सुरू केला. तिथं पडद्यावर काहीबाही चिन्हं सांडली आणि कॉम्प्युटर दगड झाला. मशीनचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

“असं कसं?” वैजनाथ सर म्हणाले, आणि मग त्यांना सुचेल तेच सुचलं. “म्हणजे त्या बाईंनी आत काहीतरी नासवूनच ठेवलं होतं. तुम्ही निदान उघडकीला तरी आणलंत. थांबा, मी बोलतो त्यांच्याशी.”

सर व्हरांड्यात फोनवर बोलत होते आणि त्यांचा आवाज चढत होता. “जबाबदारी नावाची काही गोष्ट असते की नाही? आंधळ्या माणसाचं पुस्तक आहे ते!” माधुरी काळ्या पडद्याकडे बघत राहिली. पुस्तक शाबूत होतं, दोनशे बारा पानांना गोचीडही शिवली नव्हती आणि झाडूही. पण त्यांचे ठिपके करणारं जगात आता काही उरलं नव्हतं. गुरुजी खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. काही देईल कुणी तर घ्यावं तसे.

जरीना अर्ध्या तासात आली. आज ती हसत नव्हती. ती खुर्चीत बसली, निरोगी फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू केला, फायलींची यादी काढली आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघू लागली. प्रत्येक फाईल कमी भरत होती. किती, ते तिनं पहिल्या दोन फायलींनाच मांडलं, पुढं मांडायची गरज पडली नाही.

“झाडू सापडला वाटतं,” ती हळूच म्हणाली, फक्त माधुरीला ऐकू येईल अशी.

माधुरीनं पर्स जवळ ओढली.

“अगं, गोचीड एका फाईलला दोनदा चावत न्हाई. चावायच्या आधी शेपटाला आपली खूण बघती, खूण दिसली की आपलंच घर समजून म्होरं जाती. म्हनून म्या साफ केलेल्या फायलींच्या मागं नुसती ती पाच अक्षरं लावून ठेवली. परत कधी लागण आली तरी शिवायची न्हाई. तीट. गुरुजींना सांगितलं तेव्हा तू भाईर हुतीस.”

सगळं माधुरीला तिथल्या तिथं लख्ख दिसलं. झाडूला खूण दिसली. झाडूनं खुणेमागं गोचीड गृहीत धरली. आणि जिथं गोचीड नव्हतीच तिथं झाडूनं सतराशे चाळीस अक्षरं कापली, सहादेव सरांच्या जित्या प्रोग्रॅमची, चौदा वेळा, आणि वर प्रत्येकाचं डोकं उडवून तिथं त्याच्याच मांसाचा तुकडा चिकटवला. झाडू चुकला नव्हता. लिहिणारीनं सांगितलं होतं तेच त्यानं इमानानं केलं.

वैजनाथ सर दारात उभे राहिले. “काय झालंय ते स्पष्ट सांगा बाई. चूक कुणाची?”

बोल, माधुरी मनात म्हणाली. सांग त्यांना. खिशातल्या गोचिडीसारखं सांग, सगळ्यांना हसव.

जरीना उठून उभी राहिली. “माझी,” ती म्हणाली. “म्या खूण लावून ठेवली आन् जिचं रोजचं काम हाय तिला नीट सांगितली न्हाई. सांगायला हवी हुती. चुकलं माझं, सर.”

सरांनी मान हलवली, जशी मोठी माणसं हलवतात. आणि माधुरीला, सांगायला लाज वाटते, पण आधी हायसं वाटलं. मग तिनं गुरुजींकडे बघितलं. आता त्यांचा चेहरा पडेल. आता ते ‘अगं’ संपेल. तीस वर्षांत एकदा तरी.

गुरुजी खुर्चीत पुढं झुकले. त्यांचा आवाज भरून आला होता. “चूक पदरात घ्यायला लई मोठं काळीज लागतं, जरीना. माझं पुस्तक ऱ्हाऊ दे, त्याचं काय बी होऊ दे. पर आसं मानूस न्हाई बघितलं मी.”

असं माणूस! बोट तिचं हलकं, हसू तिचं गोड, आणि आता काळीजसुद्धा तिचंच मोठं? पुस्तक मारलं माधुरीनं, आणि त्यातही वाहवा लुटायची जरीनानं? पेढ्यांसारखी ही पण गोष्ट विसरली जाणार, आणि लोक लग्नात, मयतीत सांगत बसणार की जरीनानं कशी चूक पदरात घेतली. कुणाची चूक? जिनं केली तिची!

“तिची नाही!” माधुरी ओरडली. शेजारचे पाढे थांबले. “तिचा काय संबंध? चूक माझी आहे! सगळी माझी! तिनं सगळं चांगलं करून ठेवलं हुतं, म्याच झाडू फिरवून वाटूळं केलं. सांगायला आली तर म्हनलं, कळतंय मला. गुरुजी तीट म्हनले तर त्यांचं बी ऐकलं न्हाई. आन् ती गोचीड? ती बी म्याच आनली. भंगारातनं, खेळ खेळले. त्यात हिचा केसाएवढा वाटा न्हाई, आन् तिला देऊ नका तुम्ही, मी देनार न्हाई!”

सव्वीस वर्षांची शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती, आणि तिला त्याचं भान नव्हतं. रडतही होती. पश्चात्ताप म्हणावं तर तो होताच, पोटभर होता, पण तोंड उघडवलं ते त्यानं नव्हे. आपल्या हक्काचं काहीतरी दुसरी घेऊन चालली होती, ते तिनं झोंबून परत ओढलं होतं.

वैजनाथ सरांना ‘अरे बापरे’ही सुचेना.

माधुरी वाट बघत होती. एवढं कबूल केल्यावर तिच्याही काळजाबद्दल काही येईल म्हणून, खरंच वाट बघत होती.

“मग आता जुळंल का ते?” गुरुजींनी विचारलं, एवढंच.

जरीना पदरानं घाम पुसत होती. “जुळंल गुरुजी. कापलेला तुकडा डिस्कवरनं लगीच जात न्हाई. यादीतनं नाव जातं, अक्षरं तिथंच पडून राहत्यात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहीत न्हाई तोवर. चौदा शेपटं हायेत, प्रत्येकाच्या टोकाला तीट हाय, हुडकायला तीच कामाला येईल. आन् डोकी माझ्या वहीत हायेत.” मग ती माधुरीकडे वळली. “पर दोन मानसं लागत्याल. कुठलं शेपूट कुनाचं हे झाडूच्या कापण्यावरनं ओळखावं लागंल, आन् तो कसा कापतो ते मला येत न्हाई. मला तसला लिहिता आलाच न्हाई कधी.”

“काय येत नाही त्यात?” माधुरी नाक ओढत म्हणाली. “सरक.”

दोघी बसल्या. जरीना आकडे वाचायची, माधुरी भरायची. दुपारी कुणीतरी भाकरी-पिठलं आणून ठेवलं ते गार झालं. सातव्या फाईलला जरीनानं एक अक्षर चुकीचं वाचलं आणि माधुरीनं पकडलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की पुढच्या दोन फायली चुटकीसरशी झाल्या. अकराव्याला माधुरी चुकली. जरीनानं काही न बोलता बोट दाखवलं, ते माधुरीला बोलण्याहून जास्त लागलं. शाळा सुटायच्या घंटेला चौदावं शेपूट बसलं.

माधुरीनं प्रोग्रॅम सुरू केला. पडदा काळा झाला, मग त्यावर सहादेव सरांनी लिहिलेलं ‘नमस्कार’ उमटलं. मशीन खडखडू लागलं. पहिलं पान, दुसरं, तिसरं. गुरुजी उठून मशीनपाशी आले होते. जरीनानं ती तीन पानं फाडून त्यांच्या हातात दिली.

गुरुजी खुर्चीत बसले, पानं मांडीवर घेतली, दोन्ही हातांची बोटं ओळीवरून चालवू लागले. ओठ हलत होते. पहिलं पान झालं, त्यांनी ते छातीशी धरलं आणि दुसरं घेतलं. तिसऱ्या पानावर, मध्याच्या थोडं खाली, त्यांचं बोट थांबलं. मागं गेलं, परत आलं.

“टिटवीची पहिली वेलांटी दीर्घ पडलीय,” ते म्हणाले. “ऱ्हस्व पायजे. कुणाची चूक ही?”

“माझी,” जरीनानं तोंड उघडायच्या आत माधुरी म्हणाली.